न्याहारीसाठीं दह्यांतला भोपळा

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे इ. स. २०२३ पूर्वींच्या औरंगाबादेहून, वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर दौलताबादचा किल्ला लागतो. पावसाळा सरला कीं या रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडल्या जातात आणि थंडी पडूं लागली कीं त्यांची जागा पेरू घेतात. प्रवासी थांबतात, भाव करतात, फळें घेतात व पुढें जातात. याच सुमारास बाजारांत आणखी एक फळ येऊन पडतें. पण त्याकडे प्रवाशाचें लक्ष सहसा जात नाहीं. तें म्हणजे तांबडा भोपळा. कोणी त्याला लाल भोपळा म्हणतात, कोणी काशीफळ, तर कोणी डांगर. पावसाच्या आरंभीं लावलेल्या वेलाचीं हीं फळें दसरा-दिवाळीच्या आगेमागें पक्व होतात आणि कोरड्या, सावलीच्या जागीं ठेवलीं असतां महिनोन् महिने टिकतात.

या भोपळ्याचें भरीत महाराष्ट्राच्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या होत आलें आहे. भोपळा उकडावा, कुस्करावा, दह्यांत कालवावा आणि वरून फोडणी घालावी, एवढाच त्याचा विधि. जेवणाच्या पानांत डाव्या बाजूस चमचाभर वाढण्याचा हा पदार्थ. न्याहारी म्हणून तो फारसें कोणी खात नाहीं. परंतु ज्या घरांत मधुमेहानें पाऊल टाकलें आहे, त्या घरानें पानाच्या डाव्या बाजूचा हा पदार्थ सकाळच्या बशींत मधोमध आणावा, असें सांगण्यास चांगलीं कारणें आहेत. तीं कारणें कोणतीं, पदार्थ करावा कसा आणि तो खातांना कोणी सावध राहावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

प्रथम एक चित्र डोळ्यांपुढें आणावें. घरांतील वडील गृहस्थ साठी उलटलेले आहेत. सहज म्हणून रक्त तपासलें, तों साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनीं गोळी सुरू केली आणि भात, पोळी, साखर यांस आळा घालण्यास सांगितलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वांच्या बशींत कांदेपोहे, आणि या गृहस्थांच्या पुढ्यांत काकडीच्या चार चकत्या.

"अगं, आतां जन्मभर हा पालाच चघळीत बसायचें का?" ते हसत विचारतात, पण त्या हसण्यांत हसूं नसतें.

"अहो, असें काय बोलतां? चार दिवस कळ सोसा, मग होईल संवय," असें बाई म्हणतात, आणि स्वतःचे पोहे त्यांच्यासमोर खाणें त्यांनाही अवघड होतें.

चार दिवस कळ सोसलीही जाते. पांचव्या दिवशीं नातवाच्या बशींतील एक घांस, सहाव्या दिवशीं अर्धी बशी, आणि पंधरवड्यांत पथ्य संपलेलें असतें. असें पथ्य कडू चवीनें मोडत नाहीं. आपल्याला पंगतींतून उठवून निराळें बसविलें, या भावनेनें तें मोडतें. म्हणून रोग्याच्या न्याहारीचा प्रश्न हा सगळ्या घराच्या न्याहारीचा प्रश्न असतो. जो पदार्थ आजोबा, सून व नातू एकाच भांड्यांतून वाढून घेऊं शकतील, तोच टिकेल.

हें चित्र थोड्या घरांचें नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतांत सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच पाहणीच्या आधारें इ. स. २०२५ मध्यें आहाराविषयींचा निबंध प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाला अन्नांतून मिळणाऱ्या उष्णतेपैकीं सुमारे ६२ टक्के उष्णता कर्बोदकांतून, म्हणजे पिष्टमय व शर्करामय पदार्थांतून मिळते, असें त्यांत आढळलें. त्याच निबंधांतील दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. केवळ पांढऱ्या तांदुळाच्या जागीं गव्हाचें किंवा भरड धान्याचें पीठ आणलें, पण कर्बोदकांचें एकूण प्रमाण तेंच ठेवलें, तर धोका उणावलेला दिसला नाहीं. मात्र उष्णतेचा वीसावा हिस्सा कर्बोदकांकडून काढून कडधान्यादि वनस्पतींतील किंवा दूधदुभत्यांतील प्रथिनांकडे दिला असतां धोका कमी असल्याचें दिसलें. भात सोडून भाकरी धरली कीं झालें, अशी समजूत पुष्कळांची असते. ती या पाहणीनें डळमळीत केली आहे.

ही गोष्ट साध्या हिशेबानें समजते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें भारतीय अन्नपदार्थांचीं कोष्टकें तयार केलेलीं आहेत. त्यांच्या जुन्या कोष्टकाप्रमाणें १०० ग्रॅम कोरड्या पोह्यांत सुमारे ७७ ग्रॅम, ज्वारींत सुमारे ७३ ग्रॅम आणि कणकेंत सुमारे ६९ ग्रॅम कर्बोदकें असतात. म्हणजे पोहे, भाकरी व पोळी हीं तिन्ही एकाच कुळांतलीं. तंतु, क्षार व जीवनसत्त्वें यांच्या दृष्टीनें भाकरी पोह्यांहून सरस खरी. पण बशीभर खाल्ल्यावर रक्तांत उतरणाऱ्या साखरेच्या दृष्टीनें अंतर वाटतें तितकें मोठें नाहीं. कर्बोदकें पचतात तेव्हां त्यांची शेवटीं साखरच होते. ज्याच्या शरीरांत इन्सुलिन अपुरें पडतें किंवा नीट काम करीत नाहीं, त्याच्या रक्तांत ही साखर तुंबून राहते.

येथें दौलताबादच्या किल्ल्याची एक जुनी हकीकत आठवते. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अचानक चालून आला, तेव्हां राजा रामदेवराव किल्ल्यांत गेला. घाईघाईनें गोण्या आंत घेण्यांत आल्या. किल्ला अभेद्य, धान्य पुरेसें असतें तर वेढा बराच काळ सोसतां आला असता. परंतु फिरिश्ता या इतिहासकारानें लिहून ठेविल्याप्रमाणें, गोण्या उघडून पाहतां आंत धान्याऐवजीं मीठ निघालें, आणि राजास तह करणें भाग पडलें. ही हकीकत घटनेनंतर तीनशें वर्षांनीं लिहिलेली असल्यानें इतिहासाभ्यासक तिच्या तपशिलाविषयीं काय म्हणावयाचें तें म्हणोत. स्वयंपाकघराला तिच्यापासून मिळणारा धडा पक्का आहे. गोणीच्या बाह्य रूपावरून आंतील माल ठरवूं नये. 'पथ्याचें' म्हणून विकलें जाणारें बिस्किट मैद्याचें असूं शकतें, 'फळांचें दहीं' म्हणून मिळणाऱ्या डब्यांत चमच्या-चमच्यानें साखर असूं शकते. आणि उलटपक्षीं, गोड लागतो म्हणून ज्याला दाराबाहेर उभें केलें तो भोपळा बराच निरुपद्रवी असूं शकतो.

भोपळ्यावरील आरोप आधीं तपासून पाहावा. तो गोड लागतो, हें खरें. साठवणींत त्यांतील पिष्टाची हळूहळू साखर होते, म्हणून जुना भोपळा नव्याहून गोड लागतो, हेंही खरें. शिवाय कोणत्या अन्नानें रक्तांतील साखर किती वेगानें चढते, हें दाखविणारा एक अंक आहे. टोरोंटो विद्यापीठांतील डेव्हिड जेंकिन्स व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९८१ मध्यें ही मोजण्याची रीत मांडली. शुद्ध ग्लुकोजचा अंक १०० धरला, तर एका प्रसिद्ध झालेल्या मोजणींत उकडलेल्या भोपळ्याचा अंक ७५ आला आहे. हा अंक ऐकूनच पुष्कळ लोक भोपळा टाकून देतात.

परंतु हा अंक काढतात कसा, तें पाहिलें म्हणजे भीति ओसरते. बहुधा ज्या प्रमाणांत ५० ग्रॅम कर्बोदकें भरतील, तितकें अन्न खावयास देऊन ही मोजणी करतात. १०० ग्रॅम भोपळ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतें. कर्बोदकें जातीप्रमाणें ४ ते ७ ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅम कर्बोदकें मिळविण्यास जवळजवळ एक किलो भोपळा खावा लागेल! एवढा भोपळा न्याहारीस कोण खातो? म्हणून वेगाबरोबर प्रमाणही हिशेबांत धरावें लागतें. तसें धरलें असतां वाटीभर भोपळ्याचा रक्तावरील भार अगदीं हलका ठरतो. पोह्यांचें ओझें जर भरलेल्या बैलगाडीचें मानलें, तर भोपळ्याचें ओझें हातांतल्या पिशवीचें आहे. पिशवीवाला जलद चालतो एवढेंच.

मात्र याच भोपळ्याचे घारगे केले, त्यांत गूळ व कणीक मिसळून तेलांत तळले, कीं सगळा हिशेब फिरतो. दोष भोपळ्याचा नसतो. त्याच्या सोबत्यांचा असतो. म्हणून त्याला सोबती निवडून द्यावा लागतो, आणि दह्यासारखा सोबती मिळणें कठीण.

दह्याचें काम येथें तिहेरी आहे. एक तर दह्यांत प्रथिनें व स्निग्धांश असतात. त्यांच्यामुळें जठर सावकाश रिकामें होतें, साखर रक्तांत हळूहळू उतरते आणि पोट बराच वेळ भरलेलें राहतें. दुसरें असें कीं, दूध विरजतें तेव्हां त्यांतील जंतु दुग्धशर्करेचा कांहीं अंश खाऊन त्याचें आम्ल करतात. म्हणून दुधापेक्षां दह्यांत शर्करा थोडी कमी असते. साध्या घरगुती दह्याच्या १०० ग्रॅममध्यें सुमारे ३ ग्रॅम प्रथिनें, ४ ग्रॅम स्निग्धांश आणि ३ ते ५ ग्रॅम कर्बोदकें असतात. तिसरें काम चवीचें. भोपळ्याची गोडी एकटी असली तर मिळमिळीत लागते. दह्याच्या आंबटपणानें तिला धार येते, आणि मग साखरेची आठवण होत नाहीं.

कृतीकडे वळण्यापूर्वीं एक मौज सांगण्याजोगी आहे. हा पदार्थ किती जुना, असें विचारलें तर आजीबाई म्हणतील, रामदेवरावाच्या काळापासूनचा! पण तें शक्य नाहीं. तांबड्या भोपळ्याच्या जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. कोलंबसानें इ. स. १४९२ मध्यें तिकडची वाट पाहिल्यानंतर, पुढें पोर्तुगीजादि दर्यावर्दी लोकांच्या व्यापारांतून त्या इकडे आल्या. यादवांच्या मुदपाकखान्यांत दुध्या भोपळा व कोहळा असेल, तांबडा भोपळा नसणार. भरितांतील हिरवी मिरची आणि शेंगदाणे हीं देखील त्याच खंडाहून आलेलीं. रस्त्यावरील सीताफळ आणि पेरूही तिकडचेच. म्हणजे आपल्या घरचें भरीत म्हणून जें आपण मिरवितों, त्यांतलें दहीं आणि मोहरी मात्र जुनीं. सांगण्याचा मुद्दा हा कीं, महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरानें परक्या गोष्टी नेहमींच आपल्याशा केल्या आहेत. तेव्हां जेवणांतलें भरीत न्याहारींत नेणें ही कांहीं रूढीची पायमल्ली नव्हे.

आतां कृति. एका माणसाच्या न्याहारीस सोललेला भोपळा १०० ग्रॅम, घट्ट दहीं १५० ग्रॅम, म्हणजे एक मोठी वाटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचें भरड कूट २० ग्रॅम, एक लहान चमचा तेल किंवा तूप, आणि फोडणीस मोहरी, जिरें, चिमूटभर हिंग, मेथीचे चार दाणे व कढीलिंब इतकें पुरे. हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ आवडीप्रमाणें. घरांत चार माणसें असलीं तर चौपट करावें.

भोपळा निवडतांना देंठ वाळलेला व साल इतकी कठीण पाहावी कीं नख रुतूं नये. कापलेली फोड घ्यावयाची तर गर गर्द केशरी आणि कोरडा असावा. बियांभोंवतीं बुळबुळीत झालेली फोड शिळी समजावी. कापल्यावर एक बारीक तुकडा जिभेला लावून पाहावा. क्वचित् एखादें फळ कडू निघतें. तो कडूपणा एका विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाहीं; असें फळ काटकसरीचा विचार न करतां टाकून द्यावें.

भोपळ्याच्या मोठ्या फोडी कराव्या आणि त्या पाण्यांत न बुडवितां वाफेवर शिजवाव्या. पाण्यांत शिजविलेला भोपळा पाणी पितो, आणि पुढें तें पाणी दह्यांत सुटून भरिताचें सार होतें. मोदकपात्रांत किंवा चाळणींत दहा-बारा मिनिटें वाफ पुरते. सुरी सहज आंत शिरली कीं भांडें उतरावें, फोडी ताटांत पसराव्या आणि पूर्ण निवूं द्याव्या. या कृतींतील पुष्कळशी बिघाडी येथेंच होते. घाईनें गरम भोपळ्यावर दहीं घातलें तर दहीं फाटल्यासारखें होऊन चोथा व पाणी वेगळें होतें. ज्यांना सकाळीं कामाची गर्दी असते त्यांनीं भोपळा रात्रींच वाफवून झांकून शीतकपाटांत ठेवावा; म्हणजे सकाळचें काम पांच मिनिटांचें राहतें.

दहीं ताजें व गोडसर असावें. घरीं लावावयाचें तर दूध उकळून, बोट सोसवेल इतकें कोमट झाल्यावर विरजण लावावें. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तें चार-पांच तासांतच लागतें आणि लगेच आंबूंही लागतें. थंडींत भांडें गुंडाळून रात्रभर ठेवावें लागतें. दहीं पातळ असल्यास स्वच्छ फडक्यांत बांधून तासभर टांगावें. निथळलेल्या पाण्याबरोबर थोडी दुग्धशर्कराही जाते आणि उरलेल्या दह्यांत प्रथिनें दाट होतात. तें पाणी ओतून देऊं नये. इतरांच्या पोळ्यांची कणीक त्यांत भिजवावी. विकतचें दहीं आणल्यास वेष्टनावर साखरेचा उल्लेख नाहीं हें वाचून घ्यावें.

निवालेला भोपळा काट्यानें किंवा हातानें भरड कुस्करावा. अगदीं गंध करूं नये. दांतांखालीं चार तुकडे आले म्हणजे चावून खावें लागतें आणि तृप्ति लवकर होते. त्यांत घोटलेलें दहीं, कूट, बारीक चिरलेली मिरची व कोथिंबीर मिसळावी. तेल तापवून मोहरी तडतडूं द्यावी, मग जिरें, मेथी, हिंग व कढीलिंब घालून आंच बंद करावी आणि फोडणी किंचित् निवल्यावर भरितावर ओतावी. मेथीचे दाणे तांबूस व्हावे, काळे होऊं नयेत. काळी मेथी सगळें भरीत कडू करते. मीठ अगदीं शेवटीं, वाढावयाच्या वेळीं घालावें, कारण मिठानें पाणी सुटतें. साखर घालूं नये. पुष्कळ घरांत चिमूटभर साखर घालण्याची चाल आहे. पण भोपळ्याची स्वतःची गोडी एवढी असते कीं आठवड्याभरांत जिभेला ती चिमूट अनावश्यक वाटूं लागते.

फोडणीतलें तेल पाहून कोणी नाक मुरडूं नये. भोपळ्याला केशरी रंग ज्या द्रव्यानें येतो, त्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करतें, आणि तें द्रव्य स्निग्ध पदार्थाच्या संगतींत चांगलें शोषलें जातें. एक लहान चमचा तेल ही चैन नाहीं.

आतां या बशीचा हिशेब मांडावा. भोपळ्याचीं सुमारे ५ ग्रॅम, दह्याचीं ५ ते ७ ग्रॅम व दाण्यांचीं ३ ते ५ ग्रॅम, मिळून कर्बोदकें सुमारे १५ ग्रॅम होतात. प्रथिनें १० ते ११ ग्रॅम आणि उष्णता पावणेतीनशें उष्मांकांच्या आसपास. याच्या शेजारीं ७५ ग्रॅम कोरड्या पोह्यांची बशी ठेवावी. तिच्यांत एकट्या पोह्यांचीं कर्बोदकें सुमारे ५८ ग्रॅम भरतात, आणि दोन चमचे साखरेचा चहा बरोबर असला तर आणखी १० ग्रॅम. एकीकडे पंधरा, एकीकडे अडुसष्ट. भरिताबरोबर चहाही बिनसाखरेचाच असावा, नाहीं तर एका हातानें वांचविलेलें दुसऱ्या हातानें उधळल्यासारखें होईल.

एवढें ऐकून कोणी उद्यांपासूनच पोहे-पोळी सर्व सोडून देईल, म्हणून सावधगिरीचे शब्द स्पष्ट सांगणें अवश्य आहे. जे लोक इन्सुलिन टोंचून घेतात, किंवा ज्यांच्या गोळ्या शरीराला अधिक इन्सुलिन सोडावयास लावतात, त्यांच्या औषधाचें प्रमाण त्यांच्या नेहमींच्या खाण्यास अनुसरून ठरविलेलें असतें. औषध तेंच ठेवून न्याहारींतील कर्बोदकें एकदम चौथाईवर आणलीं, तर रक्तांतील साखर धोक्याइतकी उतरूं शकते. हातापायांस कंप, घाम, धडधड, डोळ्यांपुढें अंधारी, बोलण्यांत गोंधळ, हीं तिचीं लक्षणें. रोगी शुद्धीवर व गिळण्याच्या स्थितींत असल्यास तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें, आणि बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहींही न घालतां वैद्यकीय मदत आणावी. तेव्हां न्याहारी बदलण्याच्या आधीं डॉक्टरांस विचारावें, नंतर नव्हे. मूत्रपिंडाचा विकार असणारांनींही विचारल्यावांचून हा प्रयोग करूं नये, कारण भोपळा व दहीं यांतील पोटॅशियम त्यांना बाधूं शकतें. वाढत्या वयाच्या मुलांना व गर्भवतींना कर्बोदकें तोडण्याचें कारण नाहीं. त्यांनीं हेंच भरीत भाकरीबरोबर आनंदानें खावें. ज्यांना शेंगदाणा सोसत नाहीं त्यांनीं त्याऐवजीं भोपळ्याच्याच बिया वापराव्या. बिया धुऊन, वाळवून, सोलून मंद आंचेवर भाजल्या म्हणजे त्या रुचकर लागतात, आणि त्यांत प्रथिनें वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकीं असतात.

आणखी एक शंका जुन्या वळणाच्या घरांत हमखास निघते, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. चरकसंहितेंत प्रमेहाच्या कारणांत दह्याचीही गणना केलेली आहे. मग मधुमेह्यानें दहीं खावें कसें? याचें उत्तर त्याच ठिकाणीं शोधावें. तेथें दह्याबरोबर सुखासीन बसून राहणें, अति झोंप, नवें धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचीही नांवें आहेत. भरल्या ताटावर आणखी दहीं ओरपून दिवसभर लोळणाऱ्या माणसाचें तें वर्णन आहे. भात काढून त्या जागीं एक वाटी दहीं घेणाऱ्याची गोष्ट निराळी. आधुनिक निरीक्षणांत दहीं खाणाऱ्यांमध्यें मधुमेहाचा धोका कमी आढळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें इ. स. २०२४ मध्यें तसें वेष्टनावर लिहूं देण्यास संमति दिली. पण हा पुरावा मर्यादित आहे, असेंही त्याबरोबरच लिहावयास लावलें. तेवढ्याच बेतानें तो मानावा. दहीं औषध नव्हे. तें चांगलें अन्न आहे.

कर्बोदकें आवरण्याचा विचारही कांहीं आजचा नाहीं. लंडनच्या विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थानें पाव, साखर व बटाटे सोडून आपलें वजन उतरविल्याची हकीकत इ. स. १८६३ मध्यें छापली होती. इ. स. १९२१-२२ मध्यें टोरोंटोस इन्सुलिन हातीं येईपर्यंत तर मधुमेह्यांस कठोर उपासमारीवांचून दुसरा आधार नव्हता. आज औषधें आहेत, म्हणून उपासमार नको. पण औषधें आहेत म्हणून पथ्य नको, असेंही नाहीं.

शेवटीं, कोणाच्या शब्दावर विसंबण्यापेक्षां आपल्याच रक्ताची साक्ष काढावी. बोटाच्या थेंबावरून साखर मोजण्याचें लहान यंत्र आतां पुष्कळ घरांत असतें. एका सकाळीं पोहे खाण्यापूर्वीं व खाण्यास आरंभ केल्यापासून दोन तासांनीं अंक टिपून ठेवावे. दुसऱ्या एका सकाळीं भरीत खाऊन तसेंच करावें. औषध व चालणें दोन्ही दिवशीं सारखेंच असावें. चार-चार सकाळींचे अंक एका वहींत समोरासमोर मांडले म्हणजे कोणीं कोणास उपदेश करण्याचें कारण उरत नाहीं. ती वही डॉक्टरांस दाखवावी. एखाद्याला भोपळाही चढतो असें दिसलें, तर त्यानें भोपळा निम्मा करून जागीं काकडी किंवा वाफवलेला दुध्या घालावा. भोपळ्याचा हंगाम संपला म्हणजेही हीच युक्ति चालते. उन्हाळ्यांत काकडी, पावसाळ्यांत दोडका किंवा पडवळ, थंडींत भाजलेलें वांगें. दहीं, दाणे व फोडणी कायम.

आणि आरंभीं ज्या घराचें चित्र पाहिलें, तेथें परत जावें. सकाळ झाली आहे. मधोमध एक मोठें भांडें आहे, त्यांत केशरी-पांढरें भरीत आहे, वर मोहरी व कढीलिंब. आजोबांच्या बशींत तें एकटेंच वाटीभर आहे. सुनेनें सोबत अर्धी भाकरी घेतली आहे. नातवाच्या भाकरीवर तेंच थापलेलें आहे. चमचा एकाच भांड्यांत फिरतो. काकडीच्या चकत्या आजही आहेत, पण आज त्या सर्वांच्या बशींत आहेत.

"अगं, मिरची जरा बेतानें," आजोबा म्हणतात.

"अहो, उद्यां कमी घालीन," बाई म्हणतात.

उद्यांही हेंच व्हावयाचें आहे, हें या बोलण्यांत दोघांनींही मान्य केलेलें असतें.